सुटी ठेवलेली तार

"ही तार ज्याने काढली तो कारागीर नव्हता, कसाई होता," मी म्हणालो. समोरच्या स्टुलावर त्याच कसायाची मुलगी उल्का बसली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सकाळीच ती करजणहून गिटारचा हा जुना ॲम्प्लिफायर घेऊन आली होती. बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून ते बावीस किलोंचं धूड तिने नाक्यापासून हमालाच्या डोक्यावर आणवलं. तिचा बाप गुणवंत अकरा वर्षं माझा भागीदार होता. डिसेंबरात तो गेला, हे मला तिच्याकडूनच कळलं. मी फक्त "हं" म्हणालो.

बडोद्यात हल्ली जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचं खूळ आलंय. फोनवर चार व्हिडिओ बघितलेले लोक येतात आणि "काका, टोन जरा वॉर्म पाहिजे" म्हणून मला शिकवतात. वॉर्म पाहिजे तर शेगडीजवळ बसा. दुरुस्ती करणारे त्यांच्याहून दिवटे. सोल्डरचे असे लपके मारतात की आतून सगळं शेणाने सारवल्यासारखं दिसतं. मी दिवसा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात आणि संध्याकाळी या दुकानात तीस वर्षं काढली. ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळतो आणि जोडताना टोकांची उलटापालट होऊ नये म्हणून गुंडाळीच्या सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा बांधतो. माझा दोरा कधी चुकत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

आता ही तार कसली ते सांगतो, कारण शंभरातल्या नव्वदांना ते कळत नाही आणि उरलेले कळल्याचं सोंग आणतात. स्पीकरकडे निघालेल्या आवाजातला चिमूटभर हिस्सा ही तार मागे आणते आणि उलटा करून आत मिसळते. यंत्राने जिथे वाकडंतिकडं केलं असेल, तिथे तेवढं वजा होतं. आवाज थोडा कमी होतो, पण स्वच्छ होतो. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. मात्र आउटपुट ट्रान्सफॉर्मरची टोकं उलटी जोडली गेली, तर वजाबाकीच्या जागी बेरीज होते. मग यंत्र स्वतःचीच री ओढत बोंबलत सुटतं.

अठ्ठ्याण्णवच्या नवरात्रात, पहिल्या गरब्याच्या संध्याकाळी, हाच ॲम्प्लिफायर बोंबलला. ट्रान्सफॉर्मर मी आदल्या दिवशी नवा गुंडाळून बसवला होता. गुणवंत म्हणाला, "संपत, दोरो ऊंधो बंधायो छे." दोरा उलटा बांधला गेलाय म्हणे. माझा दोरा! मी त्याला ऑर्केस्ट्रावाल्यांसमोर झापलं, माझ्या ट्रान्सफॉर्मरला हात लावायचा नाही असं बजावलं आणि चहा प्यायला निघून गेलो. परत आलो तर ॲम्प्लिफायर चालत होता, गरबा रंगात आला होता आणि फीडबॅकची तार सुटलेली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याची हत्यारं दुकानाबाहेर ठेवली. पुढे बडोद्यातल्या प्रत्येक दुकानात सांगितलं, की बोंब थांबवायला हा माणूस तारच काढतो. त्याला इथे काम मिळेना. करजणला कापसाच्या एका जिनिंगमध्ये तो मोटरी बघायला लागला.

"पप्पांनी हा ऑर्केस्ट्रावाल्यांकडून विकत घेतला होता," उल्का म्हणाली. ती वाडीत मराठी शेजारात वाढलेली, तिचं मराठी अजून टिकून होतं. "पण कधी दुरुस्त नाही केला. काका, मला एवढंच जाणून घ्यायचंय, त्यांनी खरंच चूक केली होती?"

"बघ आता," मी म्हणालो.

मी तारेच्या टोकावरची नळी दोऱ्यासकट काढून फेकली आणि तार जागेवर जोडली. ॲम्प्लिफायर चालू केला, व्हॉल्व्ह तापले आणि स्पीकर असा किंचाळला की समोरच्या खिडकीतून कुणीतरी शिवी घातली. मी कपॅसिटर बदलले. किंचाळी. व्हॉल्व्ह बदलले. किंचाळी. बारा वाजता मी कंपन्यांना शिव्या दिल्या, एकला वीज मंडळाला. उल्का डबा उघडून थेपले खात होती. तिने एक माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

शेवटी एकच गोष्ट उरली. ट्रान्सफॉर्मरच्या निळ्या आणि तपकिरी तारांची, म्हणजे त्याच दोन टोकांची, अदलाबदल. पाच मिनिटांचं काम. ते मी सव्वीस वर्षं केलं नव्हतं.

अदलाबदल केली आणि बटण दाबलं. काही आवाज नाही. उल्काने गिटारची एक तार छेडली. इतका स्वच्छ सूर माझ्या दुकानात बऱ्याच दिवसांत वाजला नव्हता.

मग मी सकाळी काढून फेकलेला नळीचा तुकडा टेबलाखालून शोधला. गुणवंतने फीडबॅकची तार कापली नव्हती. सोल्डर तापवून ती अलगद सोडवली होती, टोकावर नळी चढवली होती आणि वरून लाल दोरा बांधला होता. कुणाला पुन्हा जोडायची झाली तर तार आखूड पडू नये, म्हणून ती पूर्ण लांबीची ठेवली होती. सकाळी हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला कसाई म्हणालो होतो. मला माझी शरम वाटली.

"पप्पा म्हणायचे, याला कुणी हात लावायचा नाही," उल्का म्हणाली. "संपत पोतेच जोडशे."

संपत स्वतःच जोडेल. मी चष्मा पुसत बसलो.

"चूक माझी होती," मी म्हणालो. "तुझ्या बापाने तो गरबा वाचवला. माझ्या ट्रान्सफॉर्मरला हात लावायला मी बंदी केली होती, म्हणून त्याने तार सोडवली."

तिने फोन काढून माझ्यापुढे धरला. "हे परत बोला, काका. मम्मीला ऐकवायचंय. लोक तिला अजून त्या चुकीबद्दल विचारतात."

त्याच्या चुकीची गोष्ट मी दहा-दहा मिनिटं रंगवून सांगत असे, मध्ये चहासुद्धा व्हायचा. "भाभी, संपत बोलतोय," म्हणून सुरुवात केली आणि दोन वाक्यांत बोलणं संपलं. उल्काने पडद्याकडे पाहिलं. नऊ सेकंद झाले होते.

मी मागची फळी लावली, स्क्रू आवळले. ती हमालाला बोलवायला उठली. मी ॲम्प्लिफायर खाली वाकून उचलला. कंबरेतून कळ निघाली.

"राहू द्या ना काका, तुम्ही एकाहत्तरचे झालात."

"गप चाल पुढे," मी म्हणालो, आणि नाक्यापर्यंत तो कुठेही खाली ठेवला नाही.