दोन ओळींची एक ओळ

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, मित्रांनो. म्हणजे संगणकासाठी लिहिलेली चार हुकमांची चिठ्ठी. नंदुरबारच्या एका कापड दुकानातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. मला ना हात, ना तोंड. काम मात्र चोख.

दुकानमालकाची सून चांदनी हिने मला लिहिले. ती रक्तदात्यांची यादी सांभाळते. लोक मोबाइलवर एका ओळीत नाव, गाव, रक्तगट पाठवतात आणि खालच्या ओळीत नंबर. हे सगळे एका फाइलमध्ये टाइप केले जाते. दर दोन ओळी उचलायच्या आणि शेजारी शेजारी बसवून एक ओळ करायची, एवढेच माझे काम. सुरुवातीला चांदनी येईल त्याच्याजवळ माझे कौतुक करी. पुढे माझ्याकडे कोणी वळूनही पाहीनासे झाले. मला त्याचा राग येई, खोटे कशाला बोलू?

या उन्हाळ्यात एका भरदुपारी ईश्वर धापा टाकत दुकानात शिरला. तो डोंगरातला. त्याची बायको रविना नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिला ओ निगेटिव्ह रक्त हवे होते आणि ते रक्तपेढीत उरलेच नव्हते, म्हणून त्याला तिथून इकडे धाडले होते.

"ताई, लवकर देखा. ती पांढरीफटक पडी ऱ्हायनी."

चांदनीने फाइल माझ्यापुढे टाकली. मी झरझर ओळी जोडल्या. रनाळ्याचा भिला, ओ निगेटिव्ह. तिने त्या नावाशेजारचा नंबर लावला.

"भिलाभाऊ शेतस का?"

"आठे कोनी भिला नही. मी फुलीबाई बोली ऱ्हायनी."

फुलीबाईचा रक्तगट वेगळा. चांदनीने दुसरा दाता शोधला; तोही नंबर भलत्याचाच निघाला. ईश्वर पुन्हा पुन्हा दाराकडे बघू लागला. चांदनी माझ्यावरच चिडली.

"ही स्क्रिप्टच बिघडली!"

मी घाबरले. तोंड असते तर ओरडले असते, की अगं, मी नाही, ती फाइल बघ!

फुलीबाईचे नाव ऐकून सासरे उमेदमल गल्ल्यावरून उठले. नवी फाइल आदल्याच दिवशी त्यांनी टाइप केली होती.

"फुलीबाई तं यादीमा भिलाना वरे शे," ते म्हणाले. "मीच लिखं."

चांदनीने फाइल उघडली. अगदी वर एकच ओळ होती: ॥ श्री ॥. मी बापडी तीही मोजली होती. श्रीशेजारी पहिले नाव बसले आणि पुढे प्रत्येकाचा नंबर खालच्या माणसाच्या नावाला चिकटला.

"बाबा, हे तुम्ही..."

"श्री लिखाबिगर नवं काम कसं सुरू करू, बेटा?"

चांदनीने श्री पुसले नाही. "मग त्याखाली अजून एक ओळ लिहा, बाबा. लवकर!"

उमेदमलांनी टाइप केले: शुभ लाभ. मी पुन्हा धावले. या वेळी फोन भिलानेच उचलला.

"निंघनू मी," तो म्हणाला, आणि मोटारसायकलवरून थेट रक्तपेढीत पोचला. रविना वाचली.

नावाखाली नंबर नसेल तर थांब आणि हाक मार, असे चांदनीने आता मला शिकवले आहे. तरी मित्रांनो, मी फक्त सांगितलेले करते. खरेखोटे मला कळत नाही. माझे काम वापरण्याआधी एकदा नजरेखालून घालत जा.

महिन्याभराने ईश्वर आणि रविना बाळाला घेऊन दुकानात आले. ईश्वरला यादीत नाव द्यायचे होते. उमेदमलांनी टाइप केले, मी जोडले, आणि चांदनीने लगेच तो नंबर लावून पाहिला. ईश्वरच्या खिशात फोन वाजला, आणि रविनाच्या मांडीवरचे बाळ दचकून रडू लागले.