दुर्बिणीतून उघडलेलं इंजिन

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून दात तपासायची आकडी काढली, तेव्हा पांढऱ्या कोटवाल्याला वाटलं, बाई पेन शोधताहेत. त्याने तत्परतेने स्वतःचं पेन पुढे केलं. अभिप्रायाची वही उघडून ठेवलेलीच होती.

"पेन राहू द्या. इंजिन जरा तिरकं करा," बाई म्हणाल्या.

इंजिन देखणं दिसत होतं, याबद्दल वादच नव्हता. अंगभर चंदेरी रंग, वरून दिव्याचा झोत, खाली काळं मखमल. नऊ दिवसांपूर्वी हेच इंजिन टेम्पोतून इथे आलं, तेव्हा त्याच्यावर बोटाने नाव लिहिता आलं असतं. एका ठोकलेल्या घरगुती गाडीतलं ते, आठ वर्षं शेडमध्ये पडून होतं. आता ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससकट दादाच्या लाल टू-सीटरमध्ये बसायचं होतं. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. त्याचे दोन्ही गुडघे बदलून झाले होते आणि त्या जुन्या स्पोर्ट्स गाडीचा क्लच दाबायला पैलवानाची मांडी लागायची.

गाडी दीड वर्ष जागेवर उभी होती. तेवढ्यात एका रेस्टॉरंटवाल्याने ती हेरली. तो तिला मधोमध कापून पुढच्या अर्ध्या भागाचं सॅलड काउंटर करणार होता. बॉनेटखाली बर्फ, बर्फावर काकडीचे काप. दादाने एका वैतागलेल्या दुपारी त्याला सांगून टाकलं होतं, "एक तारखेपर्यंत चालू झाली नाही, तर घेऊन जा." आणि दादा शब्दाचा पक्का, हीच पंचाईत होती.

म्हणून बाईंनी शहरातला सगळ्यात नावाजलेला इंजिनवाला निवडला होता. काचेची प्रतीक्षा-खोली, भिंतभर प्रमाणपत्रं आणि मालकाच्या अंगात पांढरा कोट. स्वतः सत्तावीस वर्षं पांढरा कोट घालूनही बाई त्या कोटाला भुलल्या, याचा राग त्यांना नंतर कितीतरी दिवस पुरला.

अर्थात अगदीच डोळे मिटून नव्हे. दादाने सांगितलं होतं, "चिमे, पिस्टन नि क्रँक काढायचे तर खालचं तेलाचं चेंबर सोडवावंच लागतं. दुसरा रस्ता नाही." म्हणून इंजिन द्यायच्या आदल्या दिवशी बाईंनी चेंबर आणि ब्लॉक जिथे जुळतात तिथे, मागच्या कोपऱ्यात, दात भरायच्या मसाल्याचा एक थेंब ठेवला आणि दवाखान्यातला निळा दिवा मारून तो पक्का केला. चेंबर सुटलं की थेंब तुटणारच.

आकडीच्या टोकाने त्यांनी चंदेरी रंग खरवडला. आतून थेंब निघाला. अखंड, पांढराशुभ्र, एखाद्या दुधाच्या दातासारखा.

"इंजिन पूर्ण खोललंत?"

"पूर्ण, ताई. रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. निश्चिंत राहा."

"चेंबर न सोडवता?"

पांढऱ्या कोटाने थेंबाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि डोळ्याची पापणीही न हलवता तो म्हणाला, "आम्ही वरून करतो. दुर्बिणीतून. आजकाल पोटाची ऑपरेशनं होतात ना, तसं."

सत्तावीस वर्षांत बाईंनी अनेक प्रकारची थापेबाजी ऐकली होती. रोज दोनदा ब्रश करतो म्हणणारी, सुपारी कधी तोंडात घातली नाही म्हणणारी माणसं त्यांनी आ वासलेल्या अवस्थेत पाहिली होती. पण त्यांना निदान लाज वाटायची.

"मग काढलेल्या जुन्या रिंगा दाखवा."

"ठेवत नाही, ताई. आरोग्याला बरं नसतं."

"कोणाच्या? रिंगांच्या?"

बाईंचा आवाज इतका चढला की प्रतीक्षा-खोलीतले दोघेजण कॉफी तशीच ठेवून काचेपाशी आले. "माझ्याकडे एखादा पेशंट दात दुखतोय म्हणून आला आणि मी त्याच्या ओठांना लिपस्टिक लावून घरी पाठवला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?" त्यांनी त्या दोघांनाच विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या इंजिनांची चौकशी सुरू केली. बाईंनी अभिप्रायाच्या वहीत 'रंग उत्तम' एवढंच लिहिलं आणि टेम्पो बोलावला.

दुसऱ्या इंजिनवाल्याचं नाव कोणीच नीट सांगेना. सगळे त्याला खडूस म्हणत आणि पाठोपाठ सावध करत. "काम चांगलं आहे हो, पण बोलणं!" त्याची शेड एका वखारीच्या मागे होती. बसायला खुर्ची नव्हती. पण फळीवर चार इंजिनं उघडी पडलेली होती, आणि प्रत्येकाच्या प्रत्येक तुकड्याला तारेने चिठ्ठी बांधलेली. खडूस साठीचा, डावा गाल सुजलेला, चष्मा कपाळावर.

"हे कुणी रंगवलं?" त्याने इंजिनाकडे बघून विचारलं.

"एका मोठ्या माणसाने."

"ठेवून जा. शनिवारी उघडीन."

बाई ठेवून गेल्या. मात्र जाण्यापूर्वी, खडूस हात धुवायला गेला तेवढ्यात, चेंबरच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवा थेंब ठेवून गेल्या. एकदा पोळलेलं मन होतं, आणि खिशात मावणारा निळा दिवा सोबत होता.

शुक्रवारी सकाळीच फोन आला. "तुमचं इंजिन घेऊन जा."

"का? काय झालं?"

"ते तुम्हीच सांगा. या."

बाई पोचल्या तेव्हा इंजिन दाराबाहेर काढून ठेवलं होतं, रुसलेल्या पाहुण्याच्या बॅगेसारखं. खडूसने नखाने थेंब दाखवला. "बाई, मी पस्तीस वर्षं इंजिनं बांधतोय. इंजिन पुसताना प्रत्येक इंचावरून माझी बोटं फिरतात. हा गंज नाही, रंग नाही, पुट्टी नाही. मग काय आहे? पाळत?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. दुर्बिणीची आठवणही झाली. पण संतापाचा सगळा साठा त्या शोरूममध्ये खर्च करून आल्या होत्या, आणि इथे समोरच्याचा संताप खरा होता. त्यांनी सगळं सांगितलं. दादाची गाडी, एक तारीख, थेंब, निळा दिवा, मखमल, सगळं.

"म्हणजे त्या भामट्याने फसवलं म्हणून चोर मी?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून कसं चालेल? मी इथे गाल धरून काम करतोय आणि—" खडूस कळवळून थांबला.

"कुठला दात?" बाईंनी विचारलं. सवयच ती.

"तुमच्यातल्याच एकाने काढायला सांगितलाय. उद्या जाणार आहे."

"बसा."

बसायला काही नव्हतंच. खडूस इंजिनावर बसला, बाईंनी त्याच्याच कामाचा दिवा त्याच्या तोंडात धरला आणि पर्समधून पाकीटबंद आकडी काढली. रंग खरवडायची ती वेगळी, हे त्यांनी त्याला आवर्जून सांगितलं. दोन ठिकाणी टिचकी मारली, एकदा फुंकर मारली.

"काढू नका. दात शाबूत आहे. त्यात कुणीतरी भरलेला मसाला उंच राहिलाय, चावताना तोच आपटतो. घासला की झालं. दवाखान्यात या, दहा मिनिटांचं काम आहे."

खडूस उठला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "काढायचं मोठं काम सोडून घासायचं छोटं सांगताय?"

"घासायचंच आहे, तर काढायचं कशाला सांगू?"

"हं," खडूस म्हणाला. मग इंजिनाला हात घालत, "धरा दुसरी बाजू. उद्या तुमच्यासमोर उघडतो. आणि तो निळा दिवा घरी ठेवून या."

शनिवारी चेंबर सुटलं. रिंगा जुन्या, बेअरिंगं जुनी, आणि तळाशी आठ वर्षांचं काळं तेल, डांबरासारखं. खडूस एकेक तुकडा काढून चिठ्ठी बांधत होता, माप बोलत होता आणि बाईंना ते लिहायला लावत होता. शेवटी नुसता ब्लॉक उरला. त्याने त्याला रॉकेल चोपडलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली.

"दाताला बारीक चीर असली की आम्हीही निळा रंग लावतो," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. पांढऱ्या पुडीत, क्रँकच्या तिसऱ्या बैठकीपासून खालपर्यंत, एक काळी ओली रेघ हळूहळू उमटत होती.

खडूसने दिवा जवळ धरला. चीरच होती.

"हे मी बांधणार नाही," खडूस म्हणाला. "वेल्ड मारून, वरून रंग देऊन वर्षभर चालवणारे आहेत. तुम्हाला त्यांचा पत्ता माहीतच आहे. पण एक दिवस हे भर रस्त्यात फुटेल, आणि आत तुमचा भाऊ असेल."

"एक तारीख नऊ दिवसांवर आलीय हो!"

"चिरेला तारीख कळत नाही, बाई."

बाई तडक दादाकडे गेल्या. दादा गॅरेजमध्ये, उभ्या टू-सीटरच्या स्टीअरिंगमागे बसला होता. हल्ली तो पेपरही तिथेच वाचायचा. बाईंनी दाराला टेकून, पांढऱ्या कोटाला मधून मधून शिव्या घालत, सगळी हकिकत सांगितली.

"मग आता?" दादाने विचारलं.

"दुसरा ब्लॉक शोधतोय म्हणाला. मिळाला तर सहा आठवडे."

"आणि नाही मिळाला तर?"

"माहीत नाही म्हणाला."

दादाने पेपरची घडी घातली. "माहीत नाही, असं म्हणाला? मिस्त्री?"

"हो."

"चिमे, चाळीस वर्षं ही गाडी बाळगली. सगळ्यांना सगळं माहीत होतं. उद्या मिळेल, परवा नक्की, नव्यासारखी होईल." दादाचा आवाज तापत गेला. "आणि त्यांच्या 'नक्की'वर मी या गाडीचे दोन तुकडे करायचा शब्द देऊन बसलो!"

त्याने फोन काढला. रेस्टॉरंटवाल्याने लगेच उचलला.

"गाडी देत नाही. हो, शब्द दिला होता. परत घेतोय. काय? बर्फवाला माप घेऊन गेला? मग त्या मापाची बादली घ्या आणि काकडी तिच्यात ठेवा!"

फोन खिशात टाकून त्याने दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून दाराबाहेर काढला, मग डावा, आणि बहिणीच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.

"चल, त्या खडूसकडे. मला ती रेघ बघायचीय."

"आता? तोवर पूड उडून गेली असेल, दादा."

"असू दे. तो पुन्हा टाकून दाखवेल," दादा म्हणाला. "न दाखवणारा असता तर उघडताना तुला बोलावलंच नसतं."