हौगांगमधला लाल नळ

अनघा ऑफिसातून हौगांगच्या फ्लॅटवर परतली तेव्हा स्वयंपाकघरातला नळ लाल झालेला होता. तिच्या नेलपॉलिशची बाटली ओट्यावर रिकामी पडली होती आणि शेजारी सासरे, माधवराव, पहारेकऱ्यासारखे उभे होते.

"बाबा, नळ घरमालकिणीचा आहे हो!"

"नळ कोणाचा का असेना, पोट्टी तर आपली आहे."

अनघाला माणसांच्या जमा-नावेच्या नोंदी मनातल्या मनात ठेवायची खोड. सासऱ्यांना गावाहून इथे परदेशात येऊन बारा दिवस झाले होते. त्यांच्या पानावर जमेला: न सांगता भांडी घासतात, लिफ्टमधल्या चिनी आजींशी मराठीत बोलतात आणि दोघांचं छान जमतं. नावे: तिसरी पोळी मागत नाहीत, मग अर्धपोटी राहिल्याचा चेहरा करून बसतात. नळ रंगवणं कुठल्या बाजूला लिहावं, हे मात्र तिला कळेना.

कारण सात वर्षांच्या लेकीने, ऋताने सांगितलं. "मी फक्त आजोबांना सांगितलं, टॅप वॉटरमध्ये फ्लोराइड घालतात, टीथ स्ट्राँग होतात. टीचर सेड, लाह! मग आजोबांनी मला वॉटरऐवजी थ्री कोकोनट्स दिले." इथल्या पोरांसारखं 'लाह' लावून ती चौथ्यांदा बाथरूमकडे पळाली.

माधवराव यवतमाळकडचे. तीस वर्षं हातपंपांचे मेकॅनिक. तिथल्या खडकातून बोअरच्या पाण्यात इतकं फ्लोराइड उतरायचं की पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे पडत, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकत. तपासणीत पाणी वाईट निघालं की पंपाला लाल रंग, चांगलं निघालं की हिरवा. प्यायचं कुठलं, ते न वाचता येणाऱ्यालाही कळे.

"आमचा जन्म गेला ते पाण्यातून काढता काढता," ते म्हणाले, "अन् हे शहाणे वरून घालून राहिले?"

अनघाला हसू फुटलं. "अहो बाबा, मिठासारखं आहे ते. चिमूट वेगळी, मूठ वेगळी."

"चिमूट म्हणजे किती? आकडा सांग."

तिने फोनवर पाण्याचा अहवाल शोधला. लिटरला साधारण अर्धा मिलिग्रॅम.

"आम्ही दीडच्या वर लाल मारायचो," ते पुटपुटले. "गावातल्या पंपाला सहा होतं." त्यांनी लाल नळावर बोट ठेवलं. "पण खात्याचे साहेब तेव्हाही म्हणालेच होते, पाणी एक नंबर आहे म्हणून. तो पंप म्याच बसवला, बाई. नारळ फोडला. पहिला गिलास आपल्या अनिशले म्याच पाजला. तपासणी आली ती नऊ वर्षांनी."

अनघाच्या हातातला फोन तसाच राहिला. तिच्या नवऱ्याच्या, अनिशच्या पुढच्या चार दातांवर कॅप होत्या. क्रिकेटचा बॉल लागला, असं त्याने लग्नाआधी सांगितलं होतं. इतकी वर्षं ती नोंद चुकीच्या खात्यात पडून होती. बापाला कुणी जाब विचारू नये म्हणून पोराने बॉलची गोष्ट रचली होती.

तिने वाद आवरता घेतला. खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली.

"लाल कोण मारायचं बाबा? साहेब?"

"साहेब कशाला मारतो! मीच. लोक शिव्या द्यायचे, बाया भांडायला यायच्या."

"आणि हिरवा?"

"तोही मीच."

"मग इथलंही तुम्हीच ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर ऋता नळाचं पिणार नाही. अनिशला मी सांगेन."

माधवरावांनी चष्मा पुसला. "ते अक्षर मोठं कर." त्यांनी ती ओळ तीनदा वाचली, बोट खाली धरून. मग मागच्या वर्षीची मागितली. मग त्याच्या मागच्या वर्षीची. अनघा काढून देत राहिली. ऑफिसमधून दोनदा फोन आला, तिने तो कापला.

शेवटी ते उठले. नळ सोडला, पहिलं पाणी थोडं वाहू दिलं, पेला भरला, वास घेतला, चूळ भरली, मग अर्धा पेला स्वतः प्यायले आणि पुन्हा काठोकाठ भरला.

"ऋता, इकडं ये."

"आजोबा, कोकोनट फिनिश झाले?"

"झाले. हे पी."

ती पेल्यात डोकावली. "हे तर नुसतं पाणी आहे."

"हो माय, नुसतंच आहे."

ती प्यायला लागली. माधवरावांनी पेल्याला खालून तळहाताचा आधार दिला होता. शेवटचा घोट जाईपर्यंत तो त्यांनी काढला नाही.

"अजून देऊ?" त्यांनी विचारलं.