भुऱ्याची तहान

दुष्काळात तलवाड्याच्या माळावर दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली, तेव्हा केसरबाई दोन बैल घेऊन तिथं राहायला आली. न बोलावता घरचा कुत्रा भुऱ्याही आला. नवरा बद्रीनाथ साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला गेलेला. भुऱ्या म्हणजे त्याचा जीव की प्राण. जाताना 'लवकर येतो' हे बायकोला एकदा आणि कुत्र्याला तीनदा सांगून गेला होता.

पुढं भुऱ्याच्या जबड्याखाली दोन्हीकडं लिंबाएवढ्या गाठी आल्या. छावणीत माणसांची गालफडं बसलेली आणि याचा गळा भरलेला! संस्थेचा सेक्रेटरी राधाकिशन म्हणाला, "पेंड कावून कमी पडती ते आत्ता कळलं. ती खाऊन माजलंय बघा." केसरबाईला ते खरं वाटलं. तिनं भुऱ्याला बाभळीला बांधून घातलं. पण समोर टाकलेली भाकरही त्यानं हुंगून सोडली.

बैल तपासायला आलेल्या मल्लिकार्जुन डॉक्टरांना तिनं हात जोडले. त्यांनी जबड्याखाली चाचपलं, मग खांद्यापुढं, मग मागच्या गुडघ्यांमागं. सगळीकडं तशाच कडक गाठी. दाबल्या तरी भुऱ्या कण्हला नाही.

"गळू असतं तर गरम लागलं असतं, दुखलं असतं," डॉक्टर म्हणाले. "ह्या तर अंगभर हायेत, जोडीजोडीनं."

त्यांनी गाठीत सुई घालून आतलं काचेवर पसरलं आणि काच परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवली. पुढच्या खेपेला आले ते तिच्याजवळ खाली बसले.

"अंगात रोगाशी लढणाऱ्या गाठी असतात ना मावशी, त्यांचाच कॅन्सर हाय."

"डाग दिला तर?"

"नुसता भाजंल बिचारा. मोठ्या शहरात सुया देतात, त्यानं काही कुत्री वर्षभर काढतात. पण रोग मुळातून जात न्हाई. मी गोळ्या देतो. गाठी बसतील, महिना-दोन महिने. मग परत येतील."

"मालक येईस्तोवर टिकंल का?"

"टिकंल बहुतेक. पण ह्या गोळ्यांनी तहान लई लागती. पाणी तोडू नका."

पाणी! टँकरसमोर माणसं भांडत होती, आणि औषध मिळालं ते असं. केसरबाईला हसावं का रडावं कळेना.

गाठी खरंच विरघळल्या. भुऱ्या भाकर खाऊ लागला आणि तहानेनं वेडा झाला. त्यानं बैलांच्या हौदाला तोंड लावलं तसा राधाकिशन धावला. "हे पाणी गुरांच्या नावावर येतं, कुत्र्याच्या न्हाई!" त्याचंही खोटं नव्हतं. केसरबाई आपल्या हंड्यातलं पाजू लागली. आधी अंघोळीचं गेलं, मग पिण्याचंही अर्धं. तिला राग यायचा, नवऱ्याचा, आभाळाचा, कुत्र्याचासुद्धा. तरी ती वाटी भरायचीच.

कारखान्याचा हंगाम संपला आणि बद्रीनाथ आला. भुऱ्या माळ तुडवीत सामोरा धावला. केसरबाईनं फोनवर सांगितलं होतं, म्हणून बद्रीनाथनं त्याचा गळा चाचपला आणि तो हसला. "कुठंय गं गाठ? डॉक्टरनं उगं भ्या घातलंय तुला."

सकाळीच केसरबाईच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. तिनं नवऱ्याचा हात धरून भुऱ्याच्या मागच्या गुडघ्यामागं ठेवला. हरभऱ्याएवढी गाठ. दुसऱ्या पायालाही. बद्रीनाथचा हात तिथंच राहिला.

मग ती उठली आणि त्याला पाय धुवायला तांब्या भरून घेऊन आली. हंड्यात तेवढंच उरलं होतं. बद्रीनाथनं तांब्या हातात घेतला, धुळीचे पाय पोटाशी ओढले आणि भुऱ्याची वाटी जवळ सरकवली.

"आधी त्याला पिऊ दे," तो म्हणाला.