डागणी सांगते, मला जपू नका

मित्रांनो, मी एक जुनी डागणी आहे. हातभर लोखंडी दांडा, टोकाला चंद्रकोर. आटपाडीच्या एका लोहाराने मोडक्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेतून मला घडवलं. कळपातलं मेंढरू कुणाचं ते कळावं म्हणून त्याला डाग द्यायचा, हे माझं काम.

पण माळावर दवाखाना लांब आणि चूल जवळ. माणसाचं पोट दुखलं तरी मलाच निखाऱ्यात घालत. हिच्यात लय गुण हाय, म्हणत. मीही फुलून जायची.

माझे धनी ज्ञानू. चार घासांत त्यांचं पोट भरू लागलं, अंग झडलं, तेव्हा छातीखाली, बेंबीच्या वर मला टेकवलं. ते गेले. दहा वर्षांनी थोरला लेक अर्जुना. तीच जागा, तसंच झडणं. तोही गेला. करणी झाली म्हणून घर गप्प बसलं. मला जागा पाठ होती, पण लोखंडाला कोण विचारतो?

मग धाकट्या कोंडीबाचंही चार घासांत पोट भरू लागलं. त्याची थोरली बहीण धोंडुबाई माहेरी आली ती तडक चुलीकडे. मी लाल झाले. तेवढ्यात कोंडीबाची बायको बनाबाई पुढे आली. तिने मला फडक्याने धरलं आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवलं.

"मामंजीस्नी लावली, भावजीस्नी लावली. माज्या माणसाला न्हाई लावायची, वन्सं."

लय शहाणी झालीस, असं धोंडुबाई म्हणत राहिली. बनाबाईने मला पिशवीत टाकलं आणि नवऱ्याला सांगलीच्या एसटीत बसवलं.

तिथे डॉक्टर चारुलताबाईंनी विचारलं, घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का? कोंडीबा लगेच न्हाई म्हणाला. लेकीचं, सोनियाचं लग्न जमत आलं होतं. असलं काही कळलं तर सोयरीक मोडेल, ही त्याला धास्ती. बनाबाईने मला टेबलावर ठेवलं.

"बाई, दुकन्याचं नाव आमाला ठावं न्हाई. पन ह्यांच्या बाला आन् भावाला हितंच डागलं व्हतं." तिने स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं.

त्या बोटामुळे तपासणी लांबणीवर पडली नाही. घशातून जठरात नळी घालून पाहिलं. जखम लहान होती, पण कॅन्सरचीच होती. कोंडीबा म्हणाला, आता बाच्या वाटेनंच जायाचं.

"वडिलांचा आजार आला म्हणजे त्यांचं मरणही आलं, असं नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्यांचं कुणाला कळलंच नव्हतं. तुमचं लवकर कळलंय."

निम्म्याहून जास्त जठर काढलं. त्याला आता तीन वर्षं झाली. कोंडीबा दिवसातून सहा वेळा थोडं थोडं जेवतो आणि सातव्यांदा मागून बायकोशी भांडतो. ती सोयरीक मोडलीच. दुसरं स्थळ आलं तेव्हा सोनियाने चहा देतानाच घरचा सगळा आजार सांगून टाकला. ती माणसं चहा पिऊन पुढचं बोलायला बसली.

सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मला काय धाड भरलीय, म्हणत धोंडुबाईने तीन वर्षं काढली. काल मात्र ती बनाबाईला शिव्या देत देत, तिच्याच शेजारी सांगलीच्या एसटीत बसून तपासायला गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात कोण कशाने गेलं ते विचारा. लाजू नका, डॉक्टरांना सांगा. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आमची निगा राखा. मी म्हणणार नाही. मला उन्हापावसात टाका. मला गंजू द्या.