निकासियाची रांग

आमच्या पठारावर गावप्रमुख निवडायला मतपेटी नसते. शाळेच्या भिंतीशी उमेदवार उभे राहतात आणि ज्याला जो हवा त्याच्यापुढे तो रांग धरतो. कुणाला माघार घ्यायची असेल तर मोजणी सुरू व्हायच्या आत दुसऱ्याचा हात धरायचा. मग दोन्ही रांगा एक होतात.

त्या सकाळी भिंतीशी तिघं होती. गेल्या खेपेचा प्रमुख सेवेरो, निकासिया आणि तिची धाकटी जाऊ देल्फिना.

निकासियाच्या रांगेत पाच माणसं होती. तिची स्वतःची लेक देल्फिनाच्या रांगेत उभी राहून बुटांकडे बघत होती.

बारा वर्षं निकासियानं बाया गोळा केल्या. ला पाझ शहरापर्यंत पायी मोर्चे नेले, रस्ता अडवला तेव्हा बर्फात चुली पेटवल्या. देल्फिना शहरातून परतून चारच वर्षं झाली. कायद्याचे कागद घडाघडा वाचते, माईक धरला की हात कापत नाही. बायांनी एकमतानं उमेदवारीसाठी तिचं नाव पुढे केलं आणि निकासियाला म्हणाल्या, जेवणाचं तेवढं तुम्ही बघा.

दोन दिवसांनी सेवेरो मूठभर कोकाची पानं घेऊन तिच्या दारात आला. म्हणाला, चूल तू फुंकलीस आणि सूप ती पिणार होय? तूही उभी राहा. बायांची मतं फोडायला आलाय हे निकासियाला कळत होतं. तरी तिनं पानं घेतली, आणि आमच्यात पानं घेतली की होकार झाला.

आता तिनं नजरेनंच रांगा मोजल्या. सेवेरो एकतीस, देल्फिना अठ्ठावीस. तिची पाच तिकडे गेली की सेवेरो घरी. चिटणिसानं वही उघडली.

देल्फिना तिच्यापाशी आली. हळूच म्हणाली, "थोरल्या बाई, मीच माघार घेते. जागा तुमची. नुसता हात द्या."

आणि तिनं हात पुढे केला.

शिवी दिली असती तर निकासियानं सोसली असती. हे सोसवेना. जागासुद्धा हिनंच द्यायची? उद्या गाव म्हणणार, बघा किती मोठ्या मनाची, जावेला देऊन टाकली. जन्मभर हिचं उष्टं खायचं.

तिनं दोन्ही हात शालीत खुपसले.

"थोरल्या बाई, तो मोजायला लागेल."

"मोजू दे."

चिटणिसानं मोजलं. सेवेरो निवडून आला. पुरुषांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि त्यानं वरूनच फर्मान सोडलं, बायांनो, बटाटे चढवा.

आम्ही असेच. आत्तापर्यंत रांगेत उभ्या असलेल्या बाया मुकाट्यानं शाळेमागच्या चुलीशी गेल्या. देल्फिना निकासियाच्या शेजारीच बसली. डोळे लाल होते. सुरी घेतली आणि सोलायला लागली.

निकासिया तिच्या ढिगाकडे तिरक्या नजरेनं बघत राहिली. बटाटेसुद्धा तिचेच आधी सोलून होत होते.