कोरसमधली पंचफुला

लग्नाआधी मी आमच्या गावच्या गायन पार्टीत होती. पार्टीनं मुंबईले जाऊन भीमगीतांची रेकॉर्ड काढली, अन् मागं कोरस म्हणणाऱ्या सहा पोरींमधली एक मी. कव्हरवर नाव काय? "आणि सहकारी"! आमचे हे, म्हणजे माणिकराव, चिखलीचे रिटायर हेडमास्तर, आल्यागेल्याले सांगतात, "या आमच्या सहकारी. आवाज कुठी हाय, ते मात्र विचारू नोका."

असं झोंबते मले! भांडते मी, पण पुरावा काय? रेकॉर्ड लावली का पेटी-ढोलकी ठणठणीत, अन् कोरस म्हणजे बाजारातला गलका. यंदा उन्हाळ्यात पुण्याहून आलेली नात, महामाया, तीबी म्हणे, "आजी, तू खरंच गायली होती का?" घ्या! आता मी नातीपुढंबी खोटारडी.

माह्या पोराले, धम्मरत्नाले, दया आली. पुण्याहून येताना त्यानं एक डबी आणली होती. म्हणे, "आई, प्लेअरच्या सुईतून आवाज लई बारीक येते. त्याले मोठा अन् साफ करायचं काम या प्रीॲम्पचं. आपला जुना गेला कामातून. हा लावला का कोरस मोकळा होईल."

"मंग बसला काऊन? लाव ना बापा!"

लावला. अन् घूंऽऽऽ! गाणं कमी, घुरघुर जास्त. पिठाच्या गिरणीत बसल्यावानी. पोरानं वायरी काढल्या, लावल्या, शेवटी हात टेकले. "घराची अर्थिंगच बरोबर नाही," म्हणे. मले तर रडूच आलं.

तेवढ्यात हे उठले. मले वाटलं, चालले शेजारी माही मजा सांगाले. तर हे भर उन्हात, डोक्यावर ना टोपी ना दुपट्टा, बादली घेऊन अंगणात! अर्थिंगचा खड्डा पार वाळून गेलता, त्याच्यात पाणी ओतून ऱ्हायले.

"पाहून काय ऱ्हायली? दुसरी बादली भर!" वरून माह्यावरच खेकसले.

खड्ड्याले ओल लागली, अर्थिंग धरली अन् घुरघुर थांबली. पोरानं सुई टेकवली, कोरस आला, अन् अवं माय! एकेक पोरगी येगळी. ती गोड आवाजाची सुमन. ती घोगरी शेवंता. मी कानात जीव आणून ऐकलं, पण मीच सापडेना. काढून टाकलं का काय मले? एवढी वर्षं मी भांडली ते उगाच? पोरगा माह्याकडं पाहीना.

"पुन्हा लाव," हे म्हणाले.

पुन्हा कोरस आला, तसं यांनी बोट वर केलं. "हा आवाज. सगळ्यांच्या आधी ओळ उचलते तो. ही पंचफुला."

खरंच! बाकीच्या पोरी श्वास घेतात, तोवर शब्दावर जाऊन बसलेली, टणक, घाईची. मीच ती!

"तुमाले कसं समजलं वो? मले माहाच आवाज नाही समजला!"

"चाळीस वर्षं झाली, माह्यं एकतरी वाक्य..."

"पुरं होऊ देत नाही मी, हाव, माईत हाय!"

धम्मरत्न पोट धरून हसला. हे नाही हसले. दाराकडं वळून यांनी जोरात हाक मारली.

"महामाये, खेळ ठेव अन् इकडं ये. तुह्या आजीचा आवाज ऐक."